ऐकणे, राबणे, जेवणे : तेलगावच्या निमित्ताने

सेवाभावी मंडळांची, म्हणजे आपल्याकडे ज्यांना ‘क्लब’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे अशा संस्थांची, आगामी कार्यक्रमांची पत्रिका हाती घेतली तर तिच्यात तीन गोष्टी हमखास आढळतात. पुढच्या सभेत कोण बोलणार, पुढच्या उपक्रमात कोणते काम करायचे आणि स्नेहभोजन कोठे व केव्हा. वक्ता, श्रम आणि पंगत ह्या तिन्हींना एका सूत्रात ओवणे ही विसाव्या शतकात पश्चिमेकडून आलेली आणि शहरांतून तालुक्यांपर्यंत झिरपलेली रीत आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. ह्या तीन गोष्टी आपल्या गावांत पूर्वीपासून होत्याच. त्या कधी एकत्र होत्या, कधी त्यांची ताटातूट झाली आणि प्रत्येक वेळी कोणाला आत घेतले गेले व कोण बाहेर राहिले, हा खरा इतिहासाचा विषय आहे. तो येथे मराठवाड्यातील एका गावाच्या निमित्ताने मांडून पाहावा, असा आमचा विचार आहे.

तेलगाव हे बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील गाव. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. लोकनेते सुंदरराव सोळंके ह्यांचे नाव असलेला सहकारी साखर कारखाना येथलाच. फाट्यावरच्या अशा गावात चहाच्या टपऱ्या, एस.टी.चा थांबा आणि दुकानांच्या भिंती हीच सार्वजनिक फलकांची जागा असते, आणि मराठवाड्यात ह्या जागेवर ज्या छापील कागदाचे राज्य चालते तो म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या कागदाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक तो अत्यंत शिस्तबद्ध गद्यप्रकार आहे.

ह्या पत्रिकेचा घाट ठरलेला असतो. वरच्या बाजूस देवतेचे व संतांचे स्मरण, त्याखाली तिथी व तारीख. मग दैनंदिन कार्यक्रम : पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, नंतर गाथ्यावरील भजन, दुपारी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री हरिकीर्तन आणि त्यानंतर जागर. पुढे सात दिवसांच्या सात कीर्तनकारांची नावे, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे गाव. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन कोणाचे, हे ठळक अक्षरांत. त्याखाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार. आणि अखेरीस, पुष्कळदा सर्वांत दाट टाइपात, अन्नदात्यांची यादी : कोणत्या दिवसाची सकाळची पंगत कोणाची, संध्याकाळची कोणाची. पुढचे वक्ते, राबणारे हात आणि जेवणावळ, सारे एका कागदावर. क्लबाच्या कार्यक्रमपत्रिकेत असते ते सर्व येथे आहे. एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. क्लबाच्या पत्रिकेत श्रोते कोण हे आधीच ठरलेले असते, कारण सभासदांची वही असते. सप्ताहाच्या पत्रिकेत श्रोत्याचे नाव नसते. तेथे ‘समस्त ग्रामस्थ’ हे निमंत्रक असतात आणि तेच निमंत्रितही असतात. ह्या ‘समस्त’ शब्दात कोण येते, हा प्रश्न पुढे घेऊ.

सप्ताहाचा आणखी एक प्रकार ह्या भागात महत्त्वाचा आहे, तो फिरत्या सप्ताहाचा. भगवानगडाच्या संत भगवानबाबांनी (१८९६–१९६५) रुजवलेला नारळी सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावी भरतो. सांगतेच्या वेळी जे गाव पुढील वर्षाची जबाबदारी पत्करते, त्या गावाच्या हाती नारळ दिला जातो. नारळ घेणे म्हणजे वर्षभर आधी शब्द देणे : मंडप, पाणी, धान्य, सरपण, वाढपी सर्व आमच्याकडे. गोदाकाठच्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताहही असाच गावोगाव फिरतो आणि त्याची परंपरा दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. तेथे आमटी जागेवर शिजते, आणि भाकरी मात्र आसपासच्या गावांतील घराघरांतून थापून वाहनांत भरून येते. लाखोंच्या जेवणाचे हे काम कोणा एका आचाऱ्याच्या भट्टीवर होत नाही, ते हजारो चुलींवर वाटून टाकलेले असते. संघटनेच्या दृष्टीने ही क्लृप्ती असाधारण आहे.

येथे एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस ह्या वकिलाने आपल्या तीन परिचितांसह जो क्लब स्थापन केला, त्याला ‘रोटरी’ हे नाव मिळाले तेही फिरण्यावरूनच. आरंभी त्याच्या सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरत. परक्या महानगरात एकाकी पडलेल्या व्यावसायिकांना एकमेकांची सोबत मिळावी हा मूळ हेतू, सेवेचे व्रत मागाहून आले. एका व्यवसायाचा एकच सभासद, हा सुरुवातीचा नियम होता. १९१७ मध्ये अमेरिकेतच लायन्स क्लबांची चळवळ सुरू झाली. भारतात रोटरी १९१९ मध्ये कलकत्त्यास आली आणि १९२९ मध्ये मुंबईस. भोजन, त्यानंतर पाहुण्याचे भाषण आणि मग कामकाज, हा तिच्या सभेचा ठसा सर्वत्र सारखा राहिला. ह्या चळवळीचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. १९८५ पासून रोटरीने पोलिओ निर्मूलनाचे जे काम अंगावर घेतले, त्याचा वाटा २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित होण्यात निःसंशय आहे. परंतु नारळ आणि कचेरी ह्यांतील भेद ध्यानात ठेवावा. एक फिरतो गावांमधून, दुसरी फिरली समव्यवसायी नसलेल्या पण समवर्गी असलेल्या माणसांमधून.

आता पुण्याकडे वळू, कारण मराठी ‘व्याख्याना’चा आधुनिक इतिहास तेथे घडला. १८७५ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत, कोर्टकचेऱ्या व शाळा बंद असताना, सायंकाळी लोकांनी जमावे व विचार ऐकावा, ही कल्पना. कीर्तनाशी तिचे नाते उघड आहे : एक बोलणारा, अनेक ऐकणारे, ठरलेली वेळ, ठरलेला क्रम. मात्र कीर्तनातील दोन गोष्टी ह्या नव्या रचनेने सोडून दिल्या. श्रोत्यांनी मध्येच टाळ धरण्याची, नामघोषात सामील होण्याची सोय गेली, आणि शेवटची पंगत गेली. व्याख्यान ऐकून श्रोता आपल्या घरी जाऊन आपल्या स्वयंपाकघरात जेवू लागला.

हे केवळ सोयीसाठी झाले असे आम्हांस वाटत नाही. एकत्र ऐकणे एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाला परवडत होते, एकत्र जेवणे परवडत नव्हते. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा स्थापली, तेव्हा जातिभेद मोडल्याची खूण म्हणून नव्या सभासदाला पाव खावा लागे, आणि म्हणूनच ती सभा गुप्त ठेवावी लागली. सभासदांची नावे फुटली तेव्हा ती विस्कटली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये जे घडले ते तर आपल्या विषयाचे अचूक उदाहरण आहे. व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील नामांकित मंडळी तेथे गेली. रानडे, टिळक, गोखले त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी घेतला नाही. गोपाळराव जोशी ह्यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करविली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, ह्याचा सल रमाबाई रानडे ह्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) ह्या पुस्तकात वाचावयास मिळतो. व्याख्यानाला कोणी हरकत घेतली नव्हती. मिशनऱ्याचे म्हणणे ऐकल्याने कोणी बाटत नव्हते, त्याच्या कपाला ओठ लावल्याने मात्र बाटत होते. विचारांची देवाणघेवाण आणि अन्नाची देवाणघेवाण ह्यांच्यामध्ये समाजाने आखलेली रेघ ह्याहून स्पष्ट क्वचितच दिसली असेल.

तिसरी गोष्ट राबण्याची. ज्या वर्षी शिकागोत रोटरी जन्मली, त्याच १९०५ च्या जून महिन्यात गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. एकीकडे यशस्वी व्यावसायिकांची फावल्या वेळातील सेवा, दुसरीकडे अल्प वेतनावर संपूर्ण आयुष्य देण्याची शपथ. १९११ मध्ये ह्याच समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी ह्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालविले. ‘सेवा’ ह्या शब्दाचा अर्थ येथे बदलताना दिसतो. सप्ताहातला सेवेकरी देवाची सेवा करतो, आणि त्याने उपसलेल्या पाण्याने ज्यांची तहान भागते ते त्याचे सोबती असतात. नव्या सेवेत सेवा करणारा आणि सेवा घेणारा असे दोन पक्ष तयार झाले. ह्यातूनच पुढे सरकारी मराठीने ‘लाभार्थी’ हा शब्द घडवला. लाभार्थी शिबिरात येतो, तपासून घेतो, साहित्य घेतो, छायाचित्रात उभा राहतो, पण संध्याकाळच्या स्नेहभोजनाला नसतो.

तेलगावच्या परिसरात ह्या घडामोडी थेट पोहोचल्या नाहीत, कारण १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे सभा घेणे हीच मुळात अवघड गोष्ट. ‘गश्ती निशाण ५३’ ह्या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने सभांना आगाऊ परवानगीचा पाश घातला होता. साहजिकच लोकांचे एकत्र येणे वाचनालये, शाळा, गणेशोत्सवातील मेळे अशा वाटांनी होऊ लागले. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते आणि १९३८ मध्ये ते तेथूनच पूर्णवेळ लढ्यात उतरले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९४३ मध्ये मराठवाड्यातील साहित्य परिषदेचा आरंभ झाला. मराठवाड्यात ‘व्याख्यान’ ह्या शब्दाला जी एक गंभीर, काहीशी धाडसाची छटा आहे, तिचे मूळ ह्या काळात आहे. पुण्यातील श्रोत्याने उन्हाळ्याची संध्याकाळ खर्च केली, मराठवाड्यातील श्रोत्याने पोलिसांच्या वहीत नाव जाण्याची जोखीम घेतली.

ऐकणे, राबणे आणि जेवणे ह्यांची फारकत ज्याने मोडली, तो मनुष्य कोणत्याही सभेचा पदाधिकारी नव्हता. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसा गाव झाडायचे, रात्री त्याच गावापुढे कीर्तन करायचे, आणि जेवणाच्या वेळी जातवार पंगतींना साफ नकार द्यायचा. वक्ता स्वतःच राबणारा असल्यामुळे श्रोत्याला नुसते ऐकून उठता येत नसे. पंढरपुरात त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा हे त्यांच्या मनातील ‘समस्त’ ह्या शब्दाचे उत्तर होते. सप्ताहाच्या पंगतीबद्दल भाबडेपणाने बोलण्याचे कारण नाही, हे येथे स्पष्ट म्हणावयास हवे. अनेक गावांत ‘समस्त ग्रामस्थ’ ह्या शब्दांच्या आत दलित वस्ती धरलेली नसे, किंवा धरली तरी तिची पंगत शेवटी व वेगळी बसे. पुढे अनंत हरी गद्रे ह्यांनी झुणका-भाकर सत्यनारायणाचा उपक्रम चालविला आणि पूजेला दलित दांपत्य बसवून सर्वांना एकत्र झुणका-भाकर वाढली. त्यांनाही हेच ठाऊक होते की भाषणाने जे होत नाही ते पत्रावळीवर होते.

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या तीन गोष्टी पुन्हा एका मांडवाखाली आणण्याचा मोठा प्रयत्न शासनाने केला, आणि तो आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी अनुभवलेला आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या दत्तक गावातील विशेष शिबिराची दिनचर्या आठवून पाहावी. पहाटे उठणे व प्रार्थना, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, सायंकाळी गावात फेरी, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, आणि दोन्ही वेळचे जेवण एकत्र, वाढपी विद्यार्थीच. मुदत सात दिवस. काकड्याच्या जागी प्रार्थना, प्रवचनाच्या जागी बौद्धिक, जागराच्या जागी नकला आणि समूहगीते. शिबिराची आखणी करणाऱ्यांनी सप्ताह डोळ्यांपुढे ठेवला होता असा आमचा दावा नाही, परंतु ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी ती आखणी इतक्या सहजतेने अंगवळणी का पाडली, ह्याचे उत्तर मात्र गावाच्या ह्या जुन्या सवयीत सापडते. महाविद्यालयातील कार्यक्रम अधिकारी आणि गावातला सप्ताह-प्रमुख ह्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालू असतो : बोलणारा कोण, वाढणारा कोण, तांदूळ कोणाकडून.

आणि तरीही ह्या शिबिराने, व्याख्यानमालांनी आणि क्लबांनी मिळून एक गोष्ट दृष्टिआड केली आहे. ती म्हणजे बीड जिल्ह्याचे पंचांग. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या बाहेर पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशोब. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकापर्यंतच्या कारखान्यांकडे हे कोयते जातात आणि चैत्राच्या आगेमागे परततात. धारूर आणि वडवणीच्या डोंगरपट्ट्यात हिवाळ्यात वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि काही मुले तेवढी उरतात, ज्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना करावी लागली. दुसरीकडे, त्याच दिवसांत तेलगावसारख्या कारखान्याच्या गावाभोवती बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. म्हणजे एकाच तालुक्यात काही घरांना कुलपे आणि काही शेतांत पाचटाची घरे.

हिवाळा हाच नेमका आपल्या सुशिक्षित समाजाचा कार्यक्रमांचा ऋतू आहे. विशेष शिबिरे बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतात. अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह त्यांच्या पुण्यतिथीस, २५ नोव्हेंबरच्या सुमारास होतो, आणि व्याख्यान, कविसंमेलन, संगीत व शेतकरी परिषद ह्यांना एका ठिकाणी आणणारा तो मराठवाड्यातील मानाचा सोहळा आहे. अशा सोहळ्यांची गुणवत्ता वादातीत आहे. प्रश्न त्यांच्या दर्जाचा नाही, रिकाम्या राहणाऱ्या जागांचा आहे. ज्या गावात श्रमदानाने रस्ता केला जातो, त्या गावातील आयुष्यभर श्रम करणारी माणसे त्या वेळी दुसऱ्याच जिल्ह्यात श्रम करीत असतात. ज्या आरोग्य शिबिरात तपासणी होते, त्याच्या रांगेत जिला सर्वांत आधी उभे राहायला हवे ती बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढत असते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. इतक्या शिबिरांतून हे आपल्या कानी कसे आले नाही, असा प्रश्न ज्यांना पडला त्यांनी शिबिरांच्या तारखा तपासून पाहाव्यात.

ह्या बाबतीत परंपरेतील मंडळी अधिक चाणाक्ष ठरली. भगवानगडाचा दसऱ्याचा मेळावा कोयते बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर येतो. पुढे त्याला राजकीय सभेचे रूप आले आणि त्याच्या जागेवरून वादही झाले, पण त्याचे बळ ह्या तारखेत आहे. नारळी सप्ताहही चैत्राच्या सुमारास, माणसे परतल्यावर. हाती आलेल्या पैशांतून देणगी, मोकळ्या झालेल्या हातांतून सेवा आणि सहा महिन्यांनी एकत्र आलेल्या कुटुंबांची पंगत. निमंत्रण द्यायचे ते ज्याला येता येईल अशा दिवशी, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

स्त्रियांबाबत मात्र कोणत्याच रचनेला फुशारकी मारता येणार नाही. सप्ताहात हरिपाठाच्या फेरीत, भाकरी थापण्यात, डोक्यावर तुळस घेण्यात त्या पुढे. पत्रिकेवर त्यांची नावे फार उशिरा आली आणि आजही स्त्री कीर्तनकाराचे नाव सातांत एखादेच. रोटरीने जगभर स्त्रियांना सभासदत्व खुले केले ते १९८९ मध्ये, स्थापनेनंतर ८४ वर्षांनी आणि त्याआधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हार पत्करल्यावर. भाकरी आणि कचेरी दोन्हीकडे जेवण वाढणाऱ्या हातांना बोलण्याचा माइक मिळायला जवळपास सारखाच काळ लागला.

तेव्हा तेलगावसारख्या गावात उद्या कोणी सेवाभावी मंडळ काढले, व्याख्यानमाला सुरू केली, तर त्याने काय करावे? आमच्या मते वक्ता पुण्याहून आणावा की अंबाजोगाईहून, हा दुय्यम प्रश्न आहे. तारीख कोयत्याच्या पंचांगावरून धरावी. हिवाळ्यातच कार्यक्रम करायचा असेल तर तो कारखान्याजवळच्या कोप्यांपाशी न्यावा, आणि बाहेरून आलेल्या टोळीतील कोणा एकीला तिच्या गावाविषयी बोलते करावे. आरोग्य तपासणीस आलेली माणसे जेवायलाही असावीत आणि यादी करताना ‘लाभार्थी’ व ‘सभासद’ असे दोन रकाने पाडू नयेत. आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो : आपापल्या गावांतील सप्ताहाच्या, व्याख्यानमालांच्या, शिबिरांच्या जुन्या पत्रिका गोळा कराव्यात. त्या रद्दीत जातात, पंचांगाच्या मागे खोचलेल्या राहतात, पिठाच्या डब्याखाली अंथरलेल्या सापडतात. त्यांवर कीर्तनकारांची आणि अध्यक्षांची नावे वाचून झाली की तारीख पाहावी, आणि त्या दिवशी गावात कोण नव्हते ते म्हाताऱ्या माणसांना विचारून कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढावे.